खोली मुंबईत, घर विंचूरला: एका कुटुंबाच्या घराचा इतिहास शोधताना

मी मूळची विंचूरची. निफाड तालुक्यातलं, लासलगावजवळचं गाव. पीएच.डी.साठी नाव नोंदवल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "विंचूरची आहेस, म्हणजे विंचूरकरांच्या वाड्यावर काम करत असशील ना?"

प्रश्न चुकीचा नाही. विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ मध्ये पानिपतावर होते. पुढं पुण्यात विंचूरकरांच्या वाड्यात लोकमान्य टिळकांचं बिऱ्हाड होतं, १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं उतरले होते. अशा घरांना इतिहास असतो हे सगळ्यांना मान्य आहे. सनदा आहेत, पत्रं आहेत, दफ्तर आहे.

माझा विषय मात्र नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची एक खोली हा आहे. विंचूरची माणसं गिरणीत कामाला गेली ती या खोलीत राहिली. माझे आजोबा त्यातलेच एक. गिरणी कामगारांची घरं हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि त्यातल्या एका प्रकरणात ही खोली येते. "खोलीचा कसला आलाय इतिहास?" असं मला घरीही विचारलं गेलं आणि सिनॉप्सिसच्या वेळी समितीतही विचारलं गेलं. तुमच्यापैकी जे आत्ता विषय शोधताय, त्यांच्यासाठी त्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी खोली समजून घ्या

१९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर १०० माणसांपैकी साधारण १६ माणसंच मुंबईत जन्मलेली होती. बाकी सगळी बाहेरून आलेली. दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र दिसतं: कामाला आलेले पुरुष, आणि गावी राहिलेली त्यांची घरं.

राहायला जागा अपुरी होती. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं काही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकरांचं कुटुंब दोन खोल्यांत दोन दशकांहून जास्त काळ राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर टंचाई आणखी वाढली. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. योजना ५०,००० खोल्यांची होती. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. गुणाकार केलात तर साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या येतात.

चाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लाकडी कठड्याची गॅलरी येते. बीडीडीत तसं नाही. मधून एक लांब बोळ जातो आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, नळ आणि संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. सुरुवातीची काही वर्षं यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. जागेची टंचाई असताना खोल्या रिकाम्या का? कामगाराला परवडणारं भाडं आणि सरकारनं ठरवलेलं भाडं यांचा मेळ बसत नव्हता, आणि अंधाऱ्या काँक्रीटच्या खोल्या लोकांना आवडतही नव्हत्या. संशोधनाचा प्रश्न असा तयार होतो. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असं दिसलं की तिथं थांबायचं.

खोली कुणाची?

माझे आजोबा १९४६ मध्ये लासलगाव स्टेशनवरून गाडीत बसले आणि दादरला उतरले. तेव्हा वय अठरा. आधी बदली कामगार, म्हणजे रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. मग त्रासन खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर, कायम झाले.

खोली त्यांची नव्हती. ती विंचूरच्याच दुसऱ्या एका गृहस्थांच्या नावावर होती आणि तिच्यात अकरा माणसं राहत. दिवसपाळीची माणसं उठून गेली की रातपाळीची त्याच वळकटीवर आडवी होत. पेट्या भिंतीला. जेवण बाहेर, खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बहुतेक बायका कामगारांच्याच घरच्या. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली. म्हणजे गिरण्यांनी शंभरी ओलांडेपर्यंत या बायकांच्या कामाला बँकेच्या लेखी किंमत नव्हती.

यात मुंबईचं वेगळेपण किती आणि कामगार वस्तीचं साधर्म्य किती, हे बघायला मी बाहेरचं एक उदाहरण वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आजच्या स्लोव्हाकियातून, तेव्हा तो हंगेरीच्या राज्यात होता, हजारो शेतकरी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत गेले. तिथंही एका घरात एक कुटुंब आणि सोबत तीन-चार किंवा जास्तच भाडोत्री गाववाले. घरची बाई सगळ्यांचा स्वयंपाक करी, कपडे धुई, खाणीतून आलेल्यांना अंघोळीचं पाणी तापवी. तिथंही पाळीप्रमाणे पलंग वाटून घेतलेले. तिथूनही गावी पैसे जात आणि त्यातून शेत घेतलं जाई.

पण एक फरक मोठा आहे. पेनसिल्व्हेनियातली अनेक घरं खाणकंपनीची होती. भाडं पगारातून कापलं जाई. संप केला की नोकरी जाई आणि घरही जाई, बायकापोरं सामानासकट रस्त्यावर. नायगावच्या खोलीचा मालक गिरणी नव्हती, सरकार होतं. त्यामुळं गिरणीचं दार बंद झालं तरी खोलीचं दार बंद होत नव्हतं. भाडं मात्र भरावं लागे. हा फरक लक्षात ठेवा, पुढं तो उपयोगी पडणार आहे.

दोन कागदांचे ढीग

आता साधनांविषयी. मी सुरुवात केली ती फक्त मुंबईच्या कागदांवर: भाडेपावत्या, रेशनकार्ड, आत्याच्या शाळेचा दाखला, गिरणीचं ओळखपत्र. सहा महिने यातच घालवले. खोलीचा कालक्रम तयार झाला: १९५५ मध्ये आजी विंचूरहून आली, १९५८ मध्ये खोली आजोबांच्या नावावर झाली, मग आत्या आणि बाबांचा जन्म. कालक्रम बरोबर होता, पण त्यातून काही कळत नव्हतं. माझ्या गाईड मॅडमनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "पगार कुठं जात होता?"

पगार विंचूरला जात होता. आजीनं जपून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं एका डब्यात होती. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपासाठी छोटी जागा असे. त्यात आजोबा लिहीत: इतके घरखर्चाला, इतके विटांना. मग मी विंचूरला ग्रामपंचायतीत गेले आणि नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, बघितली. तिथं आमच्या घराचा प्रकार आधी दगड-माती असा आहे आणि साठच्या दशकात तो वीट आणि पत्रा असा बदललेला आहे. नायगावच्या खोलीत त्या दहा वर्षांत एक मोरी बांधली गेली, बाकी काही नाही. त्रासन खात्यात मिळालेला पगार विंचूरच्या भिंतीत गेला होता.

तेव्हा मला प्रकरणाची दिशा सापडली. खोली आणि घर या दोन वेगळ्या वास्तू नाहीत. एकच घर दोन ठिकाणी आहे. एकाचे कागद वाचून दुसरं कळत नाही. राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या पुस्तकात मुंबईच्या कामगाराचं गावाशी असलेलं नातं सविस्तर मांडलेलं आहे. त्यामुळं मी काही नवा सिद्धांत शोधला असं नाही. पण तो माझ्या घराच्या नमुना ८ मध्ये दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

१९८२: तीन कच्चे पुरावे

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही. पगार नसताना माणसं वर्षभर टिकली कशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर म्हणून "कामगार गावी गेले" असं एक वाक्य पुस्तकांत येतं. ते खरं आहे. पण गावी जाऊन नेमकं काय झालं?

आमच्या घरापुरतं ते मी असं शोधलं.

पहिला पुरावा, भाडेपावत्या. १९८२ च्या मार्च ते सप्टेंबरच्या पावत्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये एकदम थकबाकीची एक पावती आहे.

दुसरा पुरावा, विंचूरचा फेरफार. आमच्या दोन एकर जिरायत जमिनीवर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला आहे. कारण लिहिलंय: विहीर दुरुस्ती.

तिसरा पुरावा, आजीची मुलाखत. आजी म्हणाली, "विहिरीला एक फावडं लागलं नाही त्या वर्षी. पैसे मुंबईला गेले. खोली राह्यली पायजे, येवढंच तुझ्या आजोबाच्या डोक्यात."

आता या तिन्हींत एकेक खोट आहे. पावत्या नाहीत याचा अर्थ भाडं भरलं नाही असा होत नाही, पावत्या हरवल्याही असतील. फेरफारात कर्जाचं कारण खोटं असू शकतं, पण आजीच्या आठवणीतलं वर्षही चुकू शकतं. मुलाखत चाळीस वर्षांनंतरची आहे. आणि फेरफाराची तारीख बघताना मी स्वतः एक चूक केली. नोंद मंजूर झाल्याची तारीख जानेवारी १९८३ ची होती. म्हणजे पावतीनंतरची. मी आठवडाभर समजत होते की आजीची आठवण चुकली. मग तलाठी कार्यालयात एका वयस्क कारकुनांनी दाखवलं, "ताई, ही मंजुरीची तारीख. कर्ज कधीचं ते वर मजकुरात वाचा." मजकुरात कर्जाचा महिना ऑक्टोबर १९८२ होता. थकबाकीच्या पावतीचाच महिना.

हे लिहून ठेवा: फेरफाराची तारीख आणि व्यवहाराची तारीख एक नसते. मध्ये आठवडे जातात, महिने जातात. आणि एकट्या कुठल्याच पुराव्यावर मी हे विधान केलं नसतं. तिन्ही एकत्र आले तेव्हा म्हणता आलं की विंचूरच्या जमिनीवर कर्ज काढून नायगावच्या खोलीचं भाडं भरलं गेलं. वीस वर्षं पैसा मुंबईहून विंचूरला गेला होता. १९८२ मध्ये तो उलटा फिरला.

स्लोव्हाक खाणकामगाराला हे शक्य नव्हतं, कारण त्याचं घर कंपनीच्या हातात होतं आणि गाव समुद्रापलीकडे. आजोबांचं गाव रेल्वेनं काही तासांवर होतं आणि घराचा मालक संपाच्या भांडणात थेट नव्हता. संप एवढा लांबला त्याची मोठी कारणं वेगळी आहेतच. पण तो लांबवता आला याचं एक कारण अशा हजारो घरांत आहे, असं माझं म्हणणं आहे. एका घरावरून हजारोंविषयी बोलता येत नाही. म्हणून बाकीच्या प्रकरणांत मी आणखी घरांचे कागद बघतेय.

जे नाव कुठंच नाही

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

संपात आजोबा, आजी आणि बाबा विंचूरला आले ते परत गेलेच नाहीत. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. खोलीत राहायला आली आत्या. तिचे यजमानही गिरणीतलेच, त्यांचंही काम गेलं, लालबागची भाड्याची जागा सोडावी लागली. १९८३ पासून ती त्या खोलीत आहे. डबे करून तिनं घर चालवलं. पहाटे चारला स्टो पेटायचा असं शेजारच्या दोघींनी मला स्वतंत्रपणे सांगितलं. यजमान वारल्यावरही ती तिथंच राहिली. सोसायटीचं कर्ज फिटलं त्यातही तिचे पैसे होते. आता मनीऑर्डरचा प्रवास पुन्हा मुंबईहून विंचूरला होता, आणि पाठवणारीचं नाव आत्याचं होतं. कुपनं त्याच डब्यात आहेत.

१९९४ मध्ये आजोबा गेले. विंचूरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आजी, बाबा आणि आत्या अशी तीन नावं लागली. दोन वर्षांनी आत्यानं हक्कसोडपत्र करून दिलं. बहिणीनं सोडायचं असतं, असं सगळे म्हणाले आणि तिनं सोडलं. नायगावची खोली बाबांच्या नावावर झाली, कारण मुलगा. भाडं पुढची तीस वर्षं आत्यानं भरलं आणि पावती बाबांच्या नावानं फाटत राहिली.

म्हणजे फक्त कागद वाचणाऱ्या संशोधकाला १९८३ नंतर त्या खोलीत बाबा राहतात असं दिसेल. बाबा तर विंचूरला कांदा लावत होते.

२०१७ मध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. नायगावलाही काम चालू आहे. घर कुणाला, तर पावतीवर नाव कुणाचं त्याला. शंभर वर्षं जी खोली कुणाच्याच मालकीची नव्हती, ती पहिल्यांदा कुणाच्या तरी मालकीची होणार, आणि तिथं चार दशकं राहिलेल्या बाईचं नाव त्या कागदावर नसणार.

हे सगळं माझ्या टिपणांत होतं. आणि ज्याचं नाव पावतीवर आहे त्याची मी मुलगी. मी गाईड मॅडमना विचारलं की हा भाग प्रबंधात ठेवू का. त्या म्हणाल्या, "ठेवशील तर आधी घरी सांग. छापून आल्यावर वडिलांना कळणं बरोबर नाही. आणि आत्याला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. तिची तीन तास मुलाखत घेतली होती, संमतीपत्रावर सही घेतली होती, पण तुझ्याविषयी हे हे लिहिणार आहे असं सांगितलं नव्हतं. संमतीपत्र म्हणजे संमती नव्हे, हे मी रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिही. पण तुझ्या बापानं लुबाडलं असं लिहू नको. त्यानं मला कधी जा म्हटलं नाही." ते मी तिच्याच शब्दांत ठेवलं आहे, कारण तेही तितकंच खरं आहे.

नंतर विंचूरला जाऊन बाबांपुढं पावत्या, फेरफार आणि कुपनं तारखेप्रमाणे लावून ठेवली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला फोन केला. नवीन घराच्या कागदावर दोघांची नावं लावता येतील का, याची आता चौकशी चालू आहे. अजून काही झालेलं नाही.

तुमच्यासाठी

तुमच्यातल्या अनेकांच्या घरी अशी एक खोली असेल: मुंबईत, भिवंडीत, इचलकरंजीत, बल्लारपूरच्या कोळसा वसाहतीत. विषय म्हणून ती घ्यायची असेल तर माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

दोन्ही टोकांचे कागद काढा. शहरातले पावती, रेशनकार्ड, मतदार यादी, आणि गावचे सातबारा, फेरफार, नमुना ८.

सातबाऱ्यावर "ए. कु. मॅ." दिसलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तर त्या एका नावामागं किती माणसं आहेत ते विचारा. "इतर हक्क" हा रकाना सोडू नका, बहिणींची नावं आणि कर्जाचे बोजे बऱ्याचदा तिथं सापडतात.

कागदावरचं नाव आणि राहणारं माणूस वेगळं असू शकतं. भाडं कुणी भरलं, पाणी कुणी भरलं, चूल कुणी पेटवली, हे शेजाऱ्यांना विचारा. शेजारी वेगवेगळे गाठा, एकत्र बसवू नका.

आणि डबे फेकू देऊ नका. पुनर्विकासात घर रिकामं करताना पहिल्यांदा जातात ते जुने कागद. आमची कुपनं आत्यानं वाचवली. खोली रिकामी करताना भांडी वाटून टाकली, पलंग भंगारात दिला, तो डबा तेवढा पिशवीत घालून ती बाहेर पडली.